तिसरं कोटेशन

“चालवणाऱ्याचं वय?” मुलीने विचारलं.

“चौऱ्याहत्तर,” बाबा म्हणाले. “पूर्ण लिहायचं असतं, चालू नाही.”

बाबा वजनमापे निरीक्षक होते. निवृत्त होऊन सोळा वर्षं झाली, तरी घरात अंदाजाने काही होत नसे. खरेदी कसलीही असो, तीन कोटेशनं यायची. बाबा आखीव कागदावर तक्ता करायचे. सगळ्यात कमी आकडा जिंकायचा. आकडे आल्याखेरीज ते कशालाच हो म्हणत नसत, आणि आल्यावर कुणाचं ऐकत नसत. आईला हवा असलेला निळा फ्रिज असाच थोडक्यात हरला होता.

मुलगी या नियमाच्याच भरवशावर आली होती. महिन्यापूर्वी बाबांनी गाडी फाटकाच्या खांबाला घासली. खांब चुकीच्या जागी बांधलाय, असं त्यांचं मत पडलं. आता गाडी चालवू नका, असं डॉक्टरांनी त्यांना सांगून पाहिलं. तिने विनवून पाहिलं, मग अबोला धरून पाहिला. किल्ली बाबांच्या खिशातून हलली नाही. आता गाडीच्या विम्याची मुदत संपत आली होती. तिने दोन कोटेशनं बाबा चालवणार असं धरून मागवायची आणि तिसरं आई चालवणार असं धरून मागवायचं ठरवलं होतं. आई चौसष्टची. तिचा हप्ता कमीच येणार. मग किल्ली नियमानेच आईकडे जाईल.

पहिलं कोटेशन सव्वीस हजार चारशेचं आलं. दुसऱ्या कंपनीचं बावीस हजार नऊशे. मग त्याच कंपनीच्या फॉर्मवर तिने बाबांच्या जागी आईचं नाव घातलं.

चोवीस हजार तीनशे.

तिने तपशील उघडून पाहिला. आईचं लायसन्स दोन वर्षांचं होतं, बाबांचं एक्केचाळीस वर्षांचं. शिवाय बाबांनी आजवर एकदाही विम्याचे पैसे मागितले नव्हते. गाडीला काही झालं, की ते गॅरेजवाल्याला रोख देऊन मोकळे होत. त्याची सगळी सूट त्यांच्या नावावर साठली होती.

“कमी कुठलं?”

“दुसरं.”

“मग झालं तर.”

बाबांनी तक्त्यात तिसऱ्या आकड्यापुढे आईचं नाव लिहिलं आणि दुसऱ्या आकड्याभोवती गोल केला. पेन्सिल मात्र कागदावरून उचलली नाही.

“गेल्या पाच वर्षांतले अपघात किती, तिथे काय लिहिलंस?”

“एक. खांबाचा.”

“पैसे मागितले नसले तरी सांगायचे असतात. खाली बारीक अक्षरात असेल बघ.”

“आहे.”

“मग चार कर.”

मुलीने त्यांच्याकडे पाहिलं. ते तक्त्याकडे पाहत होते.

“चार, बाबा?”

“कर ना. माप म्हणजे माप.”

तिने चार केलं. आकडा चढून चोवीस हजार दोनशेवर थांबला. आईच्या आकड्यापेक्षा शंभरने कमी.

“अजूनही मीच,” बाबा म्हणाले. नापास झालेल्या तराजूवर शेरा लिहावा, तसा त्यांचा आवाज होता. त्यांनी जुना आकडा खोडला आणि शेजारी नवा लिहिला.

आई मघापासून खिडकीपाशी बसून त्यांच्या पँटची खालची पट्टी शिवत होती. तिने दाताने दोरा तोडला.

“पाच कर गं,” ती म्हणाली.

“पाचवा कुठला?” बाबांनी विचारलं.

“तुम्हाला कळला नाही तो.”

आईने सुई डब्यात खोचली.

“गाडी मागे घेत होतात. समोरच्यांच्या मुलीची सायकल. नवीन घेऊन दिली मी, तुमच्यापर्यंत येऊ दिलं नाही. नशीब, नुसती उभी करून ठेवलेली होती.”

मुलीने चारचे पाच केले. स्क्रीनवर चक्र फिरायला लागलं.

ते फिरत असतानाच बाबांनी खिशातून किल्ली काढली आणि आईच्या सुयांच्या डब्यात ठेवली.