स्वच्छ फाइल

वडिलांची फाइल इतकी स्वच्छ होती, की वाचताना तिला आधी कौतुकच वाटलं.

आठ महिन्यांच्या रोजच्या नोंदी. सकाळची गोळी, दुपारचा रक्तदाब, जेवण अर्धं, झोप साडेपाच तास. कुठे फापटपसारा नाही. अशी फाइल तिच्या कामात वर्षातून एखादीच हाती लागे. मग तिच्या लक्षात आलं, आपण ही तपासायला बसलेलो नाही. बाबा जाऊन नऊच दिवस झाले होते, आणि तिला एवढंच हवं होतं: शेवटी शेवटी त्यांनी आपली आठवण काढली होती का?

आठ महिने ती बाबांकडे गेली नव्हती. भावानेच देखभालीला मावशी ठेवल्या होत्या, कुठल्याशा कंपनीतून. एकदा फोनवर त्याने टोमणा मारला होता, "घरून काम म्हणजे कुठूनही काम ना? मग बाबांच्या घरून का नाही?" तिथे एकाग्रता होत नाही, असं तिने त्याला शांतपणे समजावलं होतं.

आणि काम होतं एकाग्रतेचंच. आजाऱ्यांची घरी देखभाल करणाऱ्या पाच-सहा कंपन्यांच्या नोंदी तिच्याकडे येत, नावं झाकून, नुसत्या क्रमांकाने. मावश्या लिहीत सुटायच्या. 'आज आजोबा हसले.' हसले? किती मिलिलिटर? ती रेघ मारी. 'आजींना खिडकीपाशी बसावंसं वाटलं.' वाटलं तर वाटलं, रेघ. रेघ मारलेलं फाइलमध्ये उतरत नसे. डोळ्यांत तेल घालून ती दिवसाला दीडशे म्हातारी माणसं स्वच्छ करी. हिच्या नजरेतून काही सुटत नाही, असं साहेब सगळ्यांदेखत म्हणत. सगळे म्हणजे पडद्यावरच्या बावीस चौकटी.

बाबांच्या फाइलमध्ये मुलीचा उल्लेखच नव्हता. शेवटी तिने मावशींनाच फोन लावला.

"बाबा माझं काही विचारायचे का हो?"

"अगं बाई, म्हणजे काय! रोज. दार वाजलं की म्हणायचे, बघा हो, आली असेल. मी म्हणायची, दूधवाला आहे. तर म्हणायचे, दूधवाला एवढं हळू वाजवत नाही."

तिला हसू फुटलं, आणि मग रागच आला. "मग हे लिहिलं का नाहीत?"

"मी? रोज लिहिलंय, ताई. मोबाइलवर. दुसऱ्या दिवशी तांबडी रेघ मारून परत! वर शिकवणी: 'रकान्याबाहेरचं लिहू नये. वाचणाऱ्याचा वेळ मोलाचा आहे.' असेल कुणीतरी घरी बसलेली शहाणी. मीही हट्टाने लिहायची, तीही मेली हट्टाने खोडायची. आठ महिने जुंपली होती आमची."

ती दोन वाक्यं तिने स्वतः जुळवली होती. पुन्हा पुन्हा लिहायचा त्रास नको म्हणून एका बटणावर ठेवली होती.

तिने एक कोरा कागद पुढे ओढला. मग जपून म्हणाली, "मावशी, आणखी काय काय म्हणायचे बाबा? नेमके शब्द सांगा ना."

"आता सगळं कुठलं आठवायला, ताई! त्या बाईला विचारून बघा. रोज वाचायची ती."