दोन माइक, एक दोरी

मेंढरं भाजायचे खड्डे सात होते, मेंढरं एकावन्न, कॅमेरे नऊ. नवांपैकी दोनच फय्यादच्या अंगणात आले होते. एक हिब्रू वाहिनीचा, एक अरबी. दोघांना त्याची मुलाखत वेगवेगळी हवी होती.

"वेगवेगळी मिळणार नाही," फय्याद म्हणाला.

गरिझीम डोंगरावरच्या शोमरोनी, म्हणजे समॅरिटन या चिमुकल्या प्राचीन पंथाच्या वस्तीत प्रत्येकाला दोन नावं असतात. डोंगराखालच्या अरब शहरात, नाबलुसच्या शाळेत, पदार्थविज्ञान शिकवणारा फय्याद हिब्रू कागदांवर झवुलून होता. दोन्ही भाषा सफाईने बोलायचा, म्हणून वल्हांडण सणाला मेंढरांचा बळी देतात त्या दिवशी कॅमेऱ्यांपुढे वस्ती त्यालाच उभं करायची. गेल्या वर्षी तो दोन्हीकडे वीस-वीस मिनिटं बोलला. हिब्रू वाहिनीने चौदा सेकंद दाखवली: आमचे पूर्वज हा डोंगर सोडून कधी गेले नाहीत. अरबी वाहिनीने अकरा: आम्ही नाबलुसची लेकरं. दोन्ही वाक्यं त्याचीच होती. पहिलं ज्यूंच्या हक्काचा पुरावा ठरलं आणि नाबलुसमधल्या नऊ पालकांनी मुलं त्याच्या वर्गातून काढली. दुसऱ्यामुळे तो अरबांचा ठरला आणि नाक्यावरच्या इस्रायली सैनिकाने त्याला तीन तास उन्हात उभं केलं.

यंदा मुख्याध्यापकांनी आधीच सांगून टाकलं होतं. "पुन्हा तसली बातमी आली, तर मी तुला वर्गावर ठेवू शकणार नाही, बाबा. पालक माझं ऐकत नाहीत."

घरी त्याने तौफिककाकांना म्हटलं, "यंदा दुसऱ्या कुणाला तरी उभं करा."

काका पुरोहित होते. ते सुऱ्यांना धार लावत राहिले. "आपण गप्प बसलो तर ते नुसते हे सुरे दाखवतील," ते म्हणाले. "रक्त दाखवतील. आणि आपण कोण, हे त्यांच्या मनाने सांगतील."

फय्याद महिनाभर विचार करत होता. बोलायचं तर होतंच. प्रश्न एवढाच होता की, कुठेही कापता येणार नाही असं कसं बोलायचं. शेवटी त्याने एकच वाक्य बांधलं. सुरुवात हिब्रूत, मधलं अरबीत, शेवट पुन्हा दोन्हींत. वस्तीतली म्हातारी माणसं घरात अशीच बोलतात.

आता त्याने दोन्ही माइक हातात घेतले, एकमेकांना चिकटवले आणि मेंढराच्या गळ्यातली दोरी घेऊन करकचून बांधले. दोन्ही वाहिन्यांची चिन्हं त्याच्या हनुवटीखाली शेजारीशेजारी आली.

"हे काय चाललंय?" हिब्रू वाहिनीची ओस्नात म्हणाली. "त्यांचं चिन्ह माझ्या पडद्यावर? संपादक मला घरी बसवेल."

"माझा तर घरीसुद्धा बसू देणार नाही," अरबी वाहिनीची रुबा म्हणाली. "दादा, सोड ना गाठ."

"गाठ सुटणार नाही. मला दाखवायचं तर दोघींना एकमेकींसकट दाखवावं लागेल."

"आणि नाही दाखवलं तर?"

"तर मेंढरं दाखवा. ती दोन्ही भाषांत सारखीच ओरडतात."

रुबाला हसू आलं. ओस्नातने तिच्याकडे पाहिलं आणि कॅमेऱ्याला खूण केली. फय्यादने डोक्यावरची लाल टोपी नीट केली आणि बोलला.

"आमचे पूर्वज हा डोंगर सोडून कधी गेले नाहीत, आणि खाली नाबलुसमधली कित्येक घराणी त्याच पूर्वजांची लेकरं आहेत, त्यांनी पुढे धर्म बदलला एवढंच, म्हणून मी कुणाचा पुरावा नाही, मी दोघांचा नातेवाईक आहे."

"पुढे?" ओस्नातने विचारलं.

"पुढे काही नाही."

रुबाने वीस मिनिटं वेगवेगळे प्रश्न विचारून पाहिले. येरुशलेम, मंदिर, खरा वारस कोण. फय्यादने प्रत्येक वेळी तेच वाक्य तसंच्या तसं म्हटलं. अकरा वेळा. शेवटी दोघींनी मिळून गाठ सोडवली.

सण आटोपल्यावर मुख्याध्यापकांचा फोन आला.

"पाहिल्या बातम्या. दोन्हीकडच्या."

फय्याद उभा राहिला. "मग?"

"मग काय? एकाही पालकाची तक्रार नाही. उद्या वर्गावर ये. अकरावीचं अपवर्तन राहिलंय."

"नाक्यावरसुद्धा कुणी काही बोललं नाही," फोन ठेवून तो काकांना म्हणाला. "बघा, अख्खं वाक्य गेलं की माणसं समजून घेतात."

काकांनी मान हलवली आणि चष्मा लावला. फय्यादने मोबाईल दोघांमध्ये धरला, घड्याळ सुरू केलं आणि दोन्ही बातम्या पाठोपाठ लावल्या.

हिब्रू वाहिनीवर तो एकोणीस सेकंद होता, अरबीवर सतरा. दोन्हीकडे समोरच्या वाहिनीचं चिन्ह धूसर केलं होतं. धूसर चौकट नाकाच्या शेंड्यापासून सदऱ्याच्या दुसऱ्या गुंडीपर्यंत होती. आवाज दोन्हीकडे निवेदकाचा होता. एकतीस शब्दांपैकी शून्य शब्द प्रसारित झाले होते.