मागच्या भिंतीचं कपाट

शाळा उघडायच्या आदल्या दिवशी बाई वर्गाच्या दारात नव्या मुलांचं स्वागत करत होत्या. एका चिमुरडीच्या फ्रॉकला त्यांनी नावाचं कागदी फूल लावलं. तिचे बाबा मात्र उंबऱ्याबाहेरच थांबले.

"बाई, तिसरीत मी तुमच्याच हाताखाली होतो. याच खोलीत."

"बघा, माझी मुलं मला विसरत नाहीत!" बाई खुलल्या. "मग परक्यासारखे बाहेर काय उभे? या की."

ते कसनुसं हसले, पण हलले नाहीत. चिमुरडी तडक मागच्या भिंतीशी गेली आणि तिने लाकडी कपाट उघडलं.

"बाबा, हेच ना ते?"

बाई झटकन तिच्याकडे वळल्या.

कपाटात डोकं घालून चिमुरडी आनंदाने ओरडली, "ये ना आत! याला आता फळ्या ठोकल्यात. कुणाला कोंडताच येणार नाही!"