सरळ रेषा

रेषा पुन्हा थरथरली.

"आता काय, फ्रिज?" बायकोने विचारलं. तिचा हात टेबलावरच्या उशीवर होता आणि मनगटाला पट्टी चिकटवलेली होती.

"फ्रिज कालच बंद केलाय."

"मग लिफ्ट."

"लिफ्टपाशी मिस्त्री उभा आहे. कुणाला चढू देत नाहीये."

बाहेरून मिस्त्रीचा आवाज आला, "साहेब, लोक शिव्या घालतायत. आवरा आता!"

तो पडद्याकडे बघत राहिला. हिरवी रेषा अगदी बारीक, पण कापत होती. काही केल्या थांबत नव्हती.

ही प्रयोगशाळा दोघा नवराबायकोने मिळून उभी केली होती. पट्टीत कार्बनचा एकच थर होता, केसापेक्षा हजारो पट पातळ. कंपवाताने हात कापताना डोळ्यांना दिसतो, त्याच्या कितीतरी वर्षं आधी स्नायूंत हालचाल सुरू होते, असा त्यांचा अंदाज होता. तीच हालचाल या थराने टिपायची होती. त्याचे वडील कंपवातानेच गेले होते. आजार कळला तेव्हा चहाचा कप त्यांच्या ओठांपर्यंत पोचत नव्हता. "जरा आधी आला असतात तर," डॉक्टर म्हणाले होते. आधी म्हणजे केव्हा, ते कुणालाच सांगता आलं नव्हतं. हा सगळा खटाटोप त्या 'आधी'साठी होता.

पण आधी निरोगी हातावर रेषा सरळ यायला हवी होती. धडधाकट माणसाला आजारी ठरवणारं यंत्र काय कामाचं? पैसे देणाऱ्या समितीने स्पष्ट सांगितलं होतं. सोमवारी येऊन बघू, रेषा सरळ नसेल तर प्रकल्प बंद.

त्याचा एक नियम होता. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं जिथल्या तिथे ठेवायचं. त्याने वायर बदलली. टेबलाच्या पायांखाली रबर घातलं. पंखा काढला. टेबल तेच, उशी तीच, रोज सकाळी उशीवर येणारा बायकोचा हात तोच. थर मात्र त्याने पुन्हा पुन्हा नवे बनवले, प्रत्येक वेळी आधीपेक्षा पातळ.

आणि इथेच त्याची मती गुंग होत होती. पहिल्या जाड थरांवर रेषा सरळ यायची. थर जितका पातळ होत गेला, तितकी थरथर वाढली.

"म्हणजे मी जितकं चांगलं काम करतो, तितकं वाईट होतं," तो म्हणाला.

"लग्नानंतरही तुझं असंच झालंय," ती म्हणाली.

त्याला हसू आलं, पण टिकलं नाही. त्याने कपाटातून थरांची डबी काढली आणि तिच्यावरची चिठ्ठी डोळ्यांजवळ धरली.

"हे काय लिहिलंयस? वाचायला सूक्ष्मदर्शक आणू?"

"नॅनोवाल्याची बायको आहे मी. अक्षरही त्याच मापाचं."

घरी गेल्यावरही त्याच्या डोक्यात तेच चालू होतं. स्वयंपाकघरातून करपल्याचा वास आला म्हणून तो धावत गेला. दूध जळून पातेलं काळं पडलं होतं आणि ती शेजारीच भाजी चिरत उभी होती.

"अगं, वास नाही आला? लक्ष कुठे असतं तुझं?"

"तुझ्या त्या रेषेत," ती म्हणाली. तिने पातेल्यात पाणी ओतलं. "बंद पडला प्रकल्प तर काय करायचं रे?"

"माहीत नाही. बाबांना काय सांगू, तेच कळत नाही."

वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती.

रविवारी त्याने शेवटचा उपाय म्हणून पट्टीचा गोंद बदलला. तपासून बघायला वेळ उरला नाही. सोमवारी सकाळी बायकोला तिच्या आईला डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचं होतं. "समिती यायच्या आत पोचते," असं सांगून ती गेली.

समिती मात्र वेळेआधीच आली. अध्यक्षबाईंनी खुर्ची ओढून घेतली. "थांबायला वेळ नाही हो. असेल तसं दाखवा."

त्याने बायकोला फोन केला, तो तिने उचलला नाही. मग त्याने स्वतःच खुर्चीत बसून पट्टी लावली, हात उशीवर ठेवला आणि डोळे मिटून घेतले.

"वा," अध्यक्षबाई म्हणाल्या.

त्याने डोळे उघडले. रेषा सरळ होती, फूटपट्टीने आखल्यासारखी. लिफ्ट धडधडत वर आली, तरी रेषा हलली नाही.

"निरोगी हात, निरोगी रेषा. हेच हवं होतं," बाई म्हणाल्या. "चालू ठेवा काम. पैशाचं आम्ही बघतो."

ते गेल्यावर त्याने मनगटावरची पट्टी सोलून काढली आणि उलटी करून गोंद बघितला. म्हणजे गोंदच? साधा गोंद? इतके दिवस तो थराला दोष देत होता, लिफ्टला देत होता, बिचाऱ्या मिस्त्रीने लोकांच्या शिव्या खाल्ल्या होत्या. त्याला हसावं की रडावं कळेना.

दार उघडून बायको धापा टाकत आत आली. "आईला थेंब घातले आणि बसवूनच ठेवलं. गेले का सगळे? काय झालं?"

"झालं! सरळ आली. एकदाही हलली नाही. गोंदच होता गं तो, दुसरं काही नव्हतं!"

तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मग ती हसली, डोळे पुसले आणि पुन्हा हसली. पर्स खाली टाकून ती रोजच्या खुर्चीकडे आली. "मलाही बघू दे. लाव पट्टी."

खुर्ची ओढता ओढता ती थांबली.

"पण मी तर इथे नव्हते," ती म्हणाली. "हात कुणाचा होता?"