कोपरापर्यंतची वेल

"आजोबा, फोटोला हात लावू नका," प्रदर्शनाच्या दारावरचा माणूस म्हणाला.

"माझ्या बायकोचाच हात आहे," म्हातारा म्हणाला आणि पुन्हा पहिल्या ठिपक्यापासून मोजू लागला.

फोटो दाराएवढा उंच होता. मनगटापासून कोपरापर्यंत नुसता हात, आणि त्यावर ठिपक्यांची वेल. शेजारच्या पाटीवर लिहिलं होतं, की गोऱ्या साहेबाच्या राज्यात काही भागांत गोंदणं हा गुन्हा ठरवला होता आणि गोंदणाऱ्या बायकांना धरून नेत असत.

सव्वीस भरले. दुसऱ्यांदाही सव्वीसच.

फोटो काढणारी मुलगी लगबगीनं आली. मागच्या वर्षी ती त्यांच्या घरी येऊन गेली होती. आजी गेल्याचं तिला कळलं होतं. म्हाताऱ्याला पाहून ती काहीतरी बोलणार होती, पण त्यानं तिला बोलू दिलं नाही.

"पोरी, हे चुकलंय. हिची वेल अर्धीच होती. गोंदणारीला शिपायांनी मधूनच ओढून नेलं, तेव्हा ही सात वर्षांची. अकरा ठिपके. साठ वर्षं हा हात बघितलाय मी. वरचे पंधरा तू कुठून आणलेस?"

"मी नाही आणले. आजींनी काढले."

"तिनं?"

"फोटोच्या आधी त्यांनी माझं पेन मागून घेतलं. त्यांच्या आईच्या हातावर होती तशी वेल, एकेक ठिपका करत कोपरापर्यंत नेली. जवळून बघा. खालचे हिरवे आहेत, वरचे निळे."

म्हाताऱ्यानं चष्मा कपाळावर सरकवला आणि फोटोला नाक लागेल इतका जवळ गेला. चाळीस वर्षं त्याची लाँड्री होती. डाग काढण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. मोजण्याच्या नादात त्याला शाई ओळखू आली नव्हती.

"मला का नाही सांगितलं?"

मुलगी जरा घुटमळली. "त्या म्हणाल्या, ह्यांना सांगू नकोस, हसतील. म्हणतील, म्हातारपणी नटायची हौस आली."

"म्हटलं असतं," म्हातारा म्हणाला. "असंच म्हटलं असतं."

मग तो फोटोकडे बघतच म्हणाला, "तू येऊन गेलीस त्या दिवशी मी बाजारातून आलो, तर ही खुर्चीत डुलकी घेत होती. बाही वर गेलेली. मला वाटलं, म्हातारीनं शाई लावून घेतली कुठेतरी. स्पिरिटचा बोळा घेतला आणि बसलो खाली. हळूहळू पुसलं, जाग येऊ नये म्हणून. गोंदलेले तेवढे निघेनात, ते राहिले."

"मग आजींना कळलं?"

"शेवटच्या ठिपक्याला जाग आली. हाताकडे बघितलं. म्हणाली, निघाले का हो सगळे?"

"तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं, माझ्या हातून डाग कधी राहिलाय का?" म्हाताऱ्यानं चष्मा खाली घेतला. "हसली. बाही खाली ओढली आणि चहा ठेवायला गेली."

मुलीनं दारावरच्या माणसाला खूण केली. तो बाजूला झाला.

"लावा हात, आजोबा," ती म्हणाली. "काही होत नाही."

"नको," म्हातारा म्हणाला, आणि दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून फोटोपासून एक पाऊल मागे सरला.