मुख्याध्यापकांची भिंत

"सोमवारी ही भिंत पाडणार आहेत ना?" मुख्याध्यापिका पद्मजा चौगुले यांनी विचारलं.

"हो. पण प्रथा ती प्रथा," विश्वस्त मिस्टर हॉब्सन म्हणाले आणि त्यांनी खिळा ठोकला.

इंग्लंडमधल्या त्या छोट्या गावातल्या शाळेचा सगळा इतिहास सभागृहाच्या त्या भिंतीवर होता. निवृत्त होणाऱ्या प्रत्येक मुख्याध्यापकाची तसबीर तिथे लागे. एकशेतीस वर्षांत अकरा गंभीर गृहस्थ लागले. मग मुलं रोडावली, विश्वस्त एकाएकी उदारमतवादी झाले आणि पद्मजाबाईंची नेमणूक झाली. पडायला आलेल्या घराला भाडेकरू कुणीही चालतो.

आता त्यांचीही तसबीर लागली, सहा जणांनी टाळ्या वाजवल्या, चहा झाला. बाईंनी मिरजेला वडिलांना व्हिडिओ कॉल लावून भिंत दाखवली. अण्णा जन्मभर जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते. लेकीची शाळा बंद होतेय, हे त्यांना सांगायचा धीर अजून तिला झाला नव्हता.

"सगळे गोरे साहेब आणि शेजारी आमची पदी!" अण्णा म्हणाले. "किती दिवस ठेवतात गं तिथे?"

"कायमची, अण्णा."

अण्णांनी डोळे पुसले, चष्मा लावला आणि मास्तरी नजरेनं निरखून पाहिलं.

"अगं, डावीकडे कललीय. आत्ताच सरळ कर, नाहीतर शंभर वर्षं वाकडीच राहायची."

पद्मजाबाई खुर्चीवर चढल्या.

"अजून थोडी. हां, बास! आता कुणाला हात लावू देऊ नकोस."