पीरसाहेबांची तहान

शब्दाचा वरचा अर्थ म्हणजे नुसतं टरफल, खरा अर्थ आत दडलेला असतो, हे कुराण शिकवताना पीरसाहेबांनी मुरीदांच्या, म्हणजे शिष्यांच्या, डोक्यात जन्मभर भरवलं होतं. आता तापानं घशाला कोरड पडली, तेव्हा ते कसेबसे म्हणाले, “पाणी.”

“पाणी म्हणजे ज्ञान,” थोरला मुरीद म्हणाला.

“ज्ञान कसलं डोंबलाचं? पाणी म्हणजे मृत्यू. तू बस टरफलं चघळत,” धाकटा खेकसला. दोघांनी एकमेकांची गचांडी धरली.

आरडाओरडा ऐकून शेजारचे मौलवी आत आले. या आतल्या अर्थांवरून पीरसाहेबांना भर चौकात पाखंडी म्हणणारे ते हेच. त्यांनी मुकाट्यानं पेला भरून पीरसाहेबांच्या ओठांना लावला.

“उपकार झाले तुमचे,” पीरसाहेब अगदी मनापासून म्हणाले.

मौलवींचे डोळे बारीक झाले. “सरळ बोल. यात आत काय दडवलंयस?”